वाऱ्याकडच्या काठावर

२५ जानेवारी २०२५, शनिवार. ताळगाव, गोवा
पेठनाक्यावरून रात्रीची गाडी. आंबोलीत गारठा. पहाटे पणजी. माई मावशीनं चहाबरोबर गरम पोई पुढे केली. तिचा मनू आवरून तयार बसलेला. आठच वाजलेत म्हटलं. एकपर्यंत पाण्यावर वारा नसतो, दोनला भरतो, चार-पाचला सगळ्यात जोरात.

शिकायची शिडाची बोट एंटरप्राइज. सव्वातेरा फुटी, दोघांची. जॅक होल्टनं १९५६ साली आखलेली. शिडं निळी. मोठं मेनसेल, पुढे लहान जिब. मी मागे: एका हातात टिलर (सुकाणूचा दांडा), दुसऱ्या हातात मेनशीट (मेनसेलची दोरी). मनू पुढे: जिब आणि सेंटरबोर्ड (पाण्यात उतरणारी मधली फळी) त्याच्याकडे.

बोट शिकवणारे सर एवढंच म्हणाले, "घाबरलात की शीट सोडायची. टिलर नाही."

२६ जानेवारी, रविवार
वारा आठ-नऊ नॉट. ऊन. आग्वादचा किल्ला समोर धरून जायचं, वळून यायचं. मनू गात होता.

२७ जानेवारी. इस्लामपूर
गाडीतून उतरून थेट कॉलेज. केसांत अजून मीठ.

आई: "जाकीट घातलं हुतंस?"
"हो."
एवढंच. स्वतःच्या बहिणीची खुशालीसुद्धा विचारली नाही.

४ फेब्रुवारी
अकरावीची उजळणी. टॉर्क. फळ्यावर दरवर्षी दार काढते, आज बोट काढली. शीड एका बाजूला आडवं करू बघतं, माणसं दुसऱ्या काठाबाहेर अंग टाकून तिला सरळ धरतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, माणसं हलकी असली तर?"

मनूचं आणि माझं मिळून एकशे पाच किलो. "मग शीड कमी करायचं." पोरांनी वहीत लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार. ताळगाव
पंधरा नॉट, झोत अठराचे. म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटर. मोटरसायकलवर काहीच नाही. इथं सगळंच बदलतं.

टिलर सारखा अंगाकडे ओढून धरावा लागतो. बोट वाऱ्यात नाक खुपसायला बघते, मी तिला बाहेर काढते. कलली की ओढ वाढते. आणखी कलली की आणखी. खांदा भरून आला. मागे पाहिलं तर सुकाणू तिरकं, त्याच्यामागे पाणी ढवळून पांढरं झालेलं. वेग काहीच नाही. जोर सगळा तिथंच खर्च होतोय.

सर रबरी बोटीतून ओरडत होते, "शीट! शीट सोडा!" हात सोडायला तयार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
उलटलो.

टॅक घेतला, नाक वाऱ्यातून गेलं, आणि पाण्यावरून काळी सावली धावत आली. झोत येतो तो दिसतो. मनूही बघत होता. पण तो अजून वाऱ्याखालच्या बाजूला, आणि मेनशीट क्लीटच्या खाचेत घट्ट. काठावरून पाणी आत आलं, मग आम्ही पाण्यात.

मनू नाकाकडे पोहत गेला, बोट वाऱ्यात धरून ठेवली. मी सेंटरबोर्डवर चढले, काठ धरला, मागे रेलले. आधी काहीच होत नाही. मग डोलकाठीचं टोक पाण्यातून सुटतं आणि बोट एकदम उठते. दोन्ही शिटा आधी मोकळ्या हव्यात. नाहीतर उठते ती लगेच दुसऱ्या अंगावर पडायला.

जाकिटानं हनुवटीपर्यंत वर धरलं होतं. पूर्ण वेळ. हे आईला सांगायचं.

११ फेब्रुवारी. इस्लामपूर
बारावी सुरू. तीन तास उभ्यानं सुपरव्हिजन. दंडावर काळानिळा वण, पूर्ण बाहीचा ड्रेस घातला.

१२ फेब्रुवारी
आईला सांगितलं. उलटलो ते, जाकिटाचं, बोट परत उभी केली ते. ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

८ ऑगस्ट २०१९ पासून आमच्या घरात बोट म्हणजे ब्रह्मनाळ. कृष्णेचा पूर. गावातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बायका, लेकरं. आई त्या आठवड्यात पूरग्रस्तांसाठी गल्लीतल्या बायकांबरोबर भाकऱ्या करत होती. तव्यापाशीच बातमी कळली. आमच्या खोऱ्यात माणूस बोटीत बसतो तो पुरातच, हौसेनं नाही.

रात्री उशिरा खोलीच्या दारात आली. "त्या बोटीत माणसं किती कोंबली हुती." आणि गेली.

१७ फेब्रुवारी
तारिणीनं केप हॉर्नला वळसा घातला. नौदलाच्या दोघी, लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा. दोघीच. २ ऑक्टोबरला गोव्यातून पृथ्वीला फेरी घालायला निघाल्यात. ५६ फुटांची शिडाची बोट, मांडवीत दिवाडी बेटावर बांधलेली.

वर्गात नकाशा लावला. केप हॉर्न जवळजवळ ५६ अंश दक्षिण. तिकडच्या समुद्रात त्यांना पन्नास नॉटपर्यंत वारा लागला म्हणतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. माझे पंधरा नॉट धरले तर त्यांच्या शिडावर तेवढ्याच कापडाला अकरापट जोर. पोरं एकदम गप्प झाली. एका मुलीनं विचारलं, "मग झोपतात कधी?"

१ मार्च, शनिवार. ताळगाव
सरांनी पाण्यात उतरूच दिलं नाही. बोट वाळूवर, नाक वाऱ्यात, शिडं चढवलेली. सगळी दुपार.

मेनसेलला पोट असतं. वारा कमी तेव्हा ते हवं, जोराचा वारा आला की ते काढून टाकायचं. आऊटहॉल ओढला: शीड बूमच्या, म्हणजे खालच्या आडव्या दांड्याच्या, अंगाला सपाट झालं. कनिंगहॅम ओढला: पोट पुढे सरकलं, डोलकाठीकडे. किकर ताणला: बूम वर उचलायची थांबली, शिडाचा मागचा काठ पिळवटायचा बंद झाला. प्रत्येक दोरी सोडून, पुन्हा ओढून, बाजूला उभं राहून पाहिलं. हाताच्या अंतरावर कापडाचा आकार बदलतो. पाण्यावर हे कधी नीट दिसलंच नसतं.

मग सेंटरबोर्ड. पूर्ण खाली असला की सरळ. थोडा वर घेतला की मागे झुकतो. पाण्यातला बोटीचा आधारही मागे सरकतो. शिडांचा जोर एका जागी, पाण्याचा आधार दुसऱ्या. जोर आधाराच्या मागे पडला की बोट नाक वाऱ्यात घालते. दोन्ही जवळ आणायचे. सुकाणूला काम उरता कामा नये.

मनू: "एवढ्या दोऱ्या लक्षात कशा ठेवायच्या?"
सर: "दोऱ्या राहू देत. टिलर काय सांगतो तेवढं ऐक."

२ मार्च, रविवार
सोळा नॉट. सगळं ताणून सपाट. दोघंही पायपट्ट्यांत पाय अडकवून काठाबाहेर. टिलर दोन बोटांत धरता आला. दोन बोटांत!

थोडी ओढ राहू द्यायची, असं सर म्हणतात. काहीच ओढ नसली तर हात सुटल्यावर बोट भलतीकडे जाईल. किंचित असली तर आपणहून वाऱ्यात वळते आणि थांबते. माणूस पाण्यात पडला, तर बोट त्याला टाकून निघून जात नाही.

९ मार्च. इस्लामपूर
शिवारात पाचट पेटवलंय. दारं-खिडक्या लावूनही घरभर काजळी.

१५ मार्च, शनिवार. ताळगाव
कानाजवळ कालच्या धुळवडीचा हिरवा रंग. अठरा नॉट. लाटांच्या माथ्यावर जिकडेतिकडे फेस.

शीड कमी करायचं तर कोणतं? मनूचं म्हणणं जिब. लहान आहे, पटकन उतरतं. सर म्हणाले, करून बघा.

जिब उतरवलं. बोट मेनसेलवर. टिलर पुन्हा जड, मागच्या महिन्यापेक्षाही जड. पुढचा जोर गेला, सगळा मागे उरला. नाक वाऱ्याकडे. टॅक घ्यायला लागलो तर मध्येच अडकलो, शीड फडफडत, बोट मागे सरकायला लागली.

मग उलट. मेनसेल खाली, फक्त जिब. टिलर हलका, बोट शांत, आडव्या वाऱ्यावर छान पळते. पण वाऱ्याकडे चढेना. नाक खालीच. टॅक होईना म्हणजे होईना. वाऱ्यानं न्यायचं ठरवलं तिकडेच जाणार. किनारा वाऱ्याखाली होता म्हणून वाळूला लागलो.

वारा जमिनीकडून असता तर?

हे इथं लिहून ठेवते. सरांना विचारायचं.

१६ मार्च, रविवार
विचारलं. ते म्हणाले, "म्हणून रीफ." मेनसेल काढायचं नाही, लहान करायचं. थोडं खाली घ्यायचं, खालचा पट्टा गुंडाळायचा, दोऱ्यांनी बूमला बांधायचा. जोर कमी होतो, खाली येतो, पुढे सरकतो. जिबशी तोल राहतो.

आज बांधून बघितला. वाळूवर दहा मिनिटं लागली. पाण्यावर किती लागतील?

२१ मार्च. इस्लामपूर
पेपर तपासणी. बोटांना लाल शाई, तळव्यांना घट्टे.

३० मार्च. गुढीपाडवा
गुढीची साडी वाऱ्यानं भरली, काठी गच्चीच्या कठड्याला कुरकुरली. आई बघत राहिली. "तुझं शीड असंच भरतं व्हय?"

पहिल्यांदा विचारलं.

६ एप्रिल. रामनवमी
बह्याला रामलिंगावर. दादा, वहिनी, आई, सगळे. कृष्णा दोन बाजूंनी, मध्ये बेट. खडक उघडे, पाणी गुडघ्याएवढं. गर्दीतून वाट काढत आई पार कडेपर्यंत आली. पूर कुठवर चढला होता ते दादानं हातानं दाखवलं. आईनं त्याच्या हाताकडे पाहिलं नाही.

परत येताना गाडीत: "मे महिन्यात मी येते ताळगावला. माई कवापासनं बोलावतीय."

१२ एप्रिल, शनिवार. ताळगाव
जाईब. वारा पाठीमागून असताना वळणं. बूम एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते, सगळ्या जोरानं. मनू दर वेळी खाली वाकतो. मला त्याच्या डोक्याची काळजी, त्याला माझ्या.

सर: जाईब मंद वेगात करायचा नाही. बोट जितकी जोरात पळते तितका शिडावरचा वारा हलका. लाटेवरून उतरताना, सगळ्यात वेगात असताना वळायचं. मन नेमकं उलट सांगतं.

बावीस नॉटला सरांनी स्वतःही जाईब घेतला नाही. वाऱ्याकडून गोल फिरून टॅक मारून आले. "यात कमीपणा काय आहे?"

१३ एप्रिल, रविवार
सकाळी वारा नाही. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडीला. रत्नाकर दांडेकरांचा बोटींचा कारखाना बाहेरूनच पाहिला. म्हादेई इथली, तारिणी इथली. म्हादेईवरून दिलीप दोंदे एकटे पृथ्वीला फेरी घालून आले, १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१०. मग अभिलाष टॉमी, २०१२-१३, कुठेही न थांबता. समोर खारफुटी, चिखल, एक बगळा. केप हॉर्नला जाणारी बोट इथून पाण्यात उतरली. मनू म्हणाला, चल ना, फेरी चुकेल. मला अजून थांबायचं होतं.

दुपारी एकोणीस नॉट. पडलो नाही.

१८ एप्रिल. इस्लामपूर
तारिणी केपटाऊनहून निघाली. शेवटचा टप्पा. घराकडे.

अभिलाष टॉमींबद्दल रात्री वाचत बसले. २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत. २१ सप्टेंबर, दक्षिण हिंदी महासागर, वादळ. त्यांची बोट थुरिया उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार. तीन दिवसांनी फ्रेंच मच्छीमार जहाजानं उचललं. २०२२ ला तीच शर्यत पुन्हा. दुसरे आले.

पान मिटून ठेवलं. आईच्या नजरेला पडायला नको.

२६ एप्रिल
वळीव. चारला आभाळ पूर्वेकडून काळं. आधी वारा पडला. पानही हलेना. मग एकदम. दादाचा खोडवा बांधाच्या कडेनं आडवा झाला, शेजारचं पत्र्याचं शेड उघडं पडलं. मी गच्चीत उभी. आधी पडतो, मग उलट्या दिशेनं येतो. डोक्यात एकच: आत्ता पाण्यावर असते तर?

आईनं खालून तीन हाका मारल्या.

३ मे, शनिवार. ताळगाव
आई आली. मावशी आणि ती रात्रभर बोलत होत्या. मला भिंतीपलीकडून फक्त हसणं ऐकू येत होतं.

४ मे, रविवार
वीस नॉट. वाळू उडत होती. सर म्हणाले, जायचं तर रीफ घालून.

नाकाची दोरी कुणीतरी धरायला हवी. सरांनी आईच्या हातात दिली. "काकी, वाऱ्यात सरळ धरा. हलू द्यायची नाही." आई नऊवारी खोचून घोटाभर पाण्यात उभी. दोरी बैलाच्या कासऱ्यासारखी मनगटाला वेढा देऊन धरली. सरांनी लगेच वेढा काढायला लावला. बोट ओढली तर हात जाईल. तिनं ऐकलं.

मी रीफच्या दोऱ्या बांधत होते. ती बघत होती. "निरगाठ मारू नगंस. घाईत सुटायची न्हाई. सुरगाठ मार."

सगळ्या सोडून सुरगाठी मारल्या.

लहान मेनसेल, जिब, सेंटरबोर्ड थोडा वर. बोट सरळ उभी राहून पळाली. मागच्या महिन्यात पूर्ण शिडावर एकोणीस नॉटला जो वेग होता, त्याहून जास्त. झोत आला की मनू काठाबाहेर, मी शीट फूटभर सोडायची, बोट पुढे उसळते, पुन्हा ओढायची. टिलर जागेवरच. हे मला कधीपासून हवं होतं.

किनाऱ्याकडे पाहिलं. आई बसली नव्हती. तिथंच पाण्यात उभी. आम्ही परत येईतो.

जेवताना मावशीला म्हणाली, "कलती, पण तिला माहीत असतंय कुठवर कलायचं."

१० मे. इस्लामपूर
संध्याकाळी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी. शेजारच्या काकूंचा मुलगा जम्मूला आहे. त्यांच्याकडे फोन लागला, अख्खी गल्ली दारात.

१७ मे, शनिवार. ताळगाव
उकाडा. वारा वेळेवर येत नाही, येतो तो भलत्याच दिशेनं. सरांना हे आवडलेलं नाही. बोटी लांब नेऊ नका म्हणाले.

१८ मे, रविवार
हात अजून थरथरतात. नीट लिहायचं आहे.

साडेतीन. वायव्येचा वारा बारा-तेरा. आम्ही किनाऱ्यापासून बरेच बाहेर. चारच्या सुमारास वारा पडला. शिडं लोंबली. मनू म्हणाला, बरं झालं, पाणी पिऊन घेतो. मी मागे वळले. पूर्वेला, ताळगावच्या माडांवर, आभाळ शाईच्या रंगाचं.

"रीफ," म्हटलं.
"वाराच नाही गं."
"रीफ घाल मनू."

घातला. वाळूवरच्या दहा मिनिटांच्या निम्म्याहून कमी वेळात. सुरगाठी. सरांची शिट्टी तेव्हाच ऐकू आली. रबरी बोट लहान पोरांच्या ऑप्टिमिस्ट बोटी गोळा करायला निघाली होती. बरोबरच होतं ते. आपलं आपण यायचं.

पहिला झोत जमिनीकडून आला. मातीचा वास घेऊन. पंचवीस? जास्त? माहीत नाही. पाण्यावर तुषार उडायला लागले. किनारा आता वाऱ्याकडे. मेनसेल टाकून जिबवर सुटावं असं अंग म्हणत होतं. जिबवर आम्ही सरळ समुद्रात गेलो असतो.

दोघंही काठाबाहेर. जिब ताणलेलं. मेनसेल लहान, तरी निम्मं फडफडत ठेवलेलं, मागचा काठ तेवढा भरलेला. शीट क्लीटमध्ये घातलीच नाही, हातातच. तळवा सोलला. झोत आला की सोडायची, नाक थोडं वर जाऊ द्यायचं, बोट सरळ झाली की ओढायची. टॅक घेताना वेग असेल तेव्हाच, लाटांमधली सपाट जागा बघून. एकदा मनू ओरडला, "येतोय!" मी बघितलंही नाही, शीट सोडली. काठ पाण्याला लागला आणि परत वर आला.

टॅक. पुन्हा टॅक. माड मोठे दिसायला लागले. किनाऱ्याजवळ वारा खड्डे पडल्यासारखा, मध्येच नाही, मध्येच दुप्पट.

पाऊस आणि आम्ही एकदमच वाळूवर.

सरांनी आधी पोरं मोजली. मग आमच्याकडे आले. बूमवरच्या गाठींना हात लावून पाहिला. "कधी घातला?"
"वारा पडल्यावर."
मान हलवली. दुसऱ्या बोटीकडे गेले.

मनू रात्री जेवता जेवता झोपला.

१९ मे. इस्लामपूर
आईला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. माझा तळवा उलटा करून बघितला, हळद लावली. "आणि मनूला लागलं का कुठं?"

२१ मे
पाऊस. मे महिन्यात असा पाऊस. गोव्यातही धो धो. मनूचा फोन: बोट शेडमध्ये ओढली, उलटी करून ठेवली, शिडं गोड्या पाण्यानं धुऊन मावशीच्या माळ्यावर. हंगाम संपला.

२६ मे
मॉन्सून काल गोव्यात, आज मुंबईत पोहोचला. कित्येक वर्षांत इतक्या लवकर नाही. दादा पेरणीच्या घोरात. शेतात वाफसा नाही. आईनं कृष्णेच्या पाण्याचं विचारलं. अजून काही नाही म्हणाला.

२९ मे
तारिणी मुरगावला पोहोचली. दोघी आठ महिन्यांनी घरी. संरक्षणमंत्री स्वागताला. टीव्हीसमोर आई जवळ सरकून बसली.

"ह्या दोघीच?"
"दोघीच."
"रातीला बी?"
"रात्रीसुद्धा. आळीपाळीनं जागायचं."

बराच वेळ बघत होती. बातमी संपून जाहिरात लागली तरी. मग: "तुमचं कवा सुरू हुतंय परत?"

ऑक्टोबर, मी म्हटलं.

नव्या वेळापत्रकात शनिवारचे तास सकाळी लावून घ्यायला हवेत, प्राचार्यांना या आठवड्यातच भेटते. मनूला कळवायचं: रीफच्या दोऱ्या उन्हानं कडक झाल्यात, सगळ्या बदल. जिबच्या वरच्या कोपऱ्याची शिवण उसवलीय. आणि मेनशीट जरा जाड बघ, हातात मावेल अशी.